हातचा

बे वस्तीत, मासळीबाजाराच्या मागे,
माझी पिवळी छत्री, एक स्टूल, पत्र्याचा डबा.
फोनमध्ये आलेल्या पैशांच्या मी नोटा करून देते.
लोमे शहरात अशा छत्र्या पुष्कळ. ही माझी.

त्या एप्रिलात रेडिओ दिवसभर सांगायचा:
हात धुवा.
धुतले.
बादलीला तोटी बसवून, साबणाचा तुकडा दोरीला बांधून
अख्ख्या गल्लीने धुतले.
पण ज्यांचं पोटच हातावर,
त्यांनी हात धुतले की पाण्याबरोबर काय काय जातं
हे रेडिओला उलटं विचारता येत नाही.

फोलीची मोटरसायकल आंब्याखाली उभी.
जिथे गिऱ्हाईक बसायचं त्या सीटवर कोंबडी बसू लागली
आणि एका सकाळी तिने तिथेच अंडं घातलं.
आठवड्याची कमाई, फोली म्हणाला.
आम्ही हसलो. लांबून, मास्कच्या आत.

आयोको केस गुंफायची. एका डोक्याला पाच तास.
पाच तास कुणाच्या मानेवर श्वास सोडणं
आता गुन्हा होता.
बोटं विसरू नयेत म्हणून लेकीचेच केस
गुंफायची, सोडायची, पुन्हा गुंफायची.
शेवटी पोर म्हणाली,
आई, डोकं दुखतंय. आणि भूक लागलीय.
याच क्रमाने म्हणाली.

मग बातमी आली:
फोनवर तारा दाबा, मग आकडे, मग मतदार कार्डाचा नंबर.
सरकार पैसे पाठवतंय.
मी म्हटलं, सरकार या गल्लीत
मत मागायला येतं, नाहीतर छत्री उचलायला.
आयोकोने तरी दाबले.
आम्ही दोघी स्क्रीनकडे पाहत नव्हतो, असं दाखवत पाहत होतो.
टिंग.

फार नव्हते. मीच मोजून दिले.
गारीचं लहान पोतं, तेलाची बाटली, कोळसा.
घरमालकाला थोडे;
दार आतून आपल्याच हाताने लावता यावं, इतके.
आणि पुढच्या आठवड्यात अंग तापलं तेव्हा
नऊ दिवस अंथरुणात पडून राहायची मुभा.
तीही त्याच पैशांतली.
एरवी ती तापातही घरोघर गेली असती,
कंगवा घेऊन.
त्या नऊ दिवसांत ती ज्या घरी गेली नाही
तिथे काय झालं नाही,
ते कुठल्याच वहीत नाही.

खरं सांगायचं तर प्रत्येक टिंगमागे
माझेही चार पैसे सुटत होते.

दावी मासानचं कार्ड मात्र
दोन वर्षांपूर्वी खाडीचं पाणी घरात शिरलं तेव्हा गेलेलं.
नंबर तिला पाठ होता, बहुतेक.
सकाळी एकदा, दुपारी एकदा,
संध्याकाळी शेवटचे दोन आकडे उलटे करून.
फोन दर वेळी नम्रपणे तेच सांगायचा.
तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवायचे.
चौथ्या दिवशी मी खोटंच म्हटलं, लाइन बंद आहे.

फोलीने आपल्यातले थोडे डब्यात टाकले, तिच्यासाठी.
एकाने पाहिलं आणि पाठ फिरवली. त्याला पाच मुलं.
दावी म्हणाली, मी हात पसरलेला नाही.
नाही ना, म्हटलं, हे हातउसने.
आणि वहीत तिच्यादेखत लिहिलं.

मग टिंग थांबली.
सुरू झाल्याचं रेडिओने सांगितलं होतं,
थांबल्याचं आम्हीच एकमेकांना.

आता फोलीच्या सीटवर पुन्हा माणसं बसतात.
कोंबडी रुसून दुसरीकडे घालते.
दावी मासान दर शनिवारी येते,
केळीच्या पानात वाळवलेली मासळी ठेवते,
आणि म्हणते, खोड.
मी एक रेघ खोडते.

शाळेत बेरजेला बाई ओरडायच्या,
हातचा विसरलीस!
परवा वही लावताना आठवलं.
सगळं जमलं. एक मात्र हातात राहिला,
आणि डावीकडे मांडायला रकाना नव्हता.

तिचं कर्ज मासळीने कधीच फिटलंय.
मी सांगितलेलं नाही.
तीही विचारत नाही.